लोकप्रशासनाच्या एमएला अर्ज करण्याआधी

सिंहगड रस्त्यावर धायरी फाट्याजवळ माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेयर, नावबदलाचं गॅझेट, परीक्षांचे फॉर्म, असं सगळं आम्ही करतो. यंदा मी स्वतःसाठी एक फॉर्म भरला, एमए लोकप्रशासनाचा, म्हणजे सरकारी कारभार कसा चालतो याच्या अभ्यासाचा. केंद्रात येणाऱ्या मुलांना हे कळल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारतं, "ताई, कुठून करताय? फी किती? ऑप्शनलला उपयोग होईल ना?" झेरॉक्स निघेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं सांगते, पण मुख्य गोष्ट राहूनच जाते. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मुलांचं विचारणं रास्त आहे. एमपीएससीने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची, केली. आधी ती २०२३ पासूनच होणार होती. तयारीला वेळ मिळावा म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि आयोगाने नवी पद्धत दोन वर्षं पुढे नेली. या पद्धतीत वैकल्पिक विषयाचे, म्हणजे मुलांच्या भाषेत ऑप्शनलचे, दोन पेपर आहेत, मिळून ५०० गुण. यूपीएससीला लोकप्रशासन हा विषय १९८७ पासून आहे. त्यामुळे नोट्स आहेत, क्लास आहेत, शिकवणारे आहेत. एकाच अभ्यासात पदव्युत्तर पदवीही होईल आणि ऑप्शनलही होईल, असा हिशेब कोणीही करेल. नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या खोल्या परवडेनाशा झाल्या की ही मुलं धायरी-नऱ्ह्याकडे सरकतात, म्हणून माझ्याकडे येतात. त्यांच्या पैशाची ओढाताण मी रोज बघते, तेव्हा त्या हिशेबाला मी नावं ठेवणार नाही.

पण फक्त तेवढ्या हिशेबावर अर्ज करू नका. कुठल्या विद्यापीठाला अर्ज करायचा हे ठरवायच्या आधी, आपल्याला प्रशासनाला काय विचारायचं आहे ते ठरवा. असा एक खरा प्रश्न हाताशी असला की विद्यापीठ निवडणं, अर्जातलं 'हा अभ्यासक्रम का' हे पान लिहिणं आणि मुलाखतीला बसणं, तिन्ही सोपं होतं. नसला तर दोन वर्षं दुसऱ्याने काढलेल्या नोट्स पाठ करण्यात जातात.

माझा प्रश्न कुठून आला ते सांगते.

वडगावहून एक बाई आल्या होत्या. नवरा वारलेला, दोन मुलं शाळेत. संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. या योजनेत विधवांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काम काय करता मावशी?" म्हणाल्या, "तीन घरची धुणीभांडी." मी कॅल्क्युलेटर त्यांच्यासमोर ठेवला. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला साधारण ५७ रुपये. तीन घरं राहू द्या, पुण्यात एका चांगल्या घरचं भांड्यांचं आणि केर-फरशीचं काम धरलं तरी एवढ्यात बसणं अवघड. मावशी आकड्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग कामं सोडू का?"

त्यांनी सांगितलं तेच उत्पन्न मी भरलं. दाखला निघाला, पण योजनेच्या कामाचा नव्हता.

योजना वर्षाला १८,००० रुपये देते आणि पात्रतेची मर्यादा २१,००० ची आहे. म्हणजे हातापायाने काम करून मुलांना जगवणारी विधवा कागदावर निराधार ठरतच नाही. आता या मर्यादेला मी एकटी वैतागलेली नाही. तलाठी भाऊसाहेब वैतागलेले असतात, तहसीलमधला संजय गांधी शाखेचा कारकून वैतागलेला असतो, अर्ज घेऊन आलेला कार्यकर्ताही वैतागलेला असतो. नियम खोटा पडलाय हे साखळीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि तरीही प्रत्येकाने त्या खोट्यावर सही-शिक्का मारावा अशीच रचना आहे. हे असं का होतं आणि ज्यांना हे दिसतं त्यांचं म्हणणं नियम करणाऱ्यापर्यंत का पोचत नाही, हा माझा प्रश्न.

आता यात लोकप्रशासनाचा अभ्यास कुठे आला? तेही केंद्रातच कळलं. परभणीचा एक मुलगा नोट्सच्या प्रिंट काढायला आला होता. स्क्रीनवर पीडीएफ उघडली तर वर ठळक अक्षरात 'फ्रेड रिग्ज'. मी सहज विचारलं, हा कोण? त्याने तोंडपाठ सांगितलं: रिग्ज अमेरिकन अभ्यासक, थायलंड-फिलिपिन्ससारख्या देशांमधलं प्रशासन बघून त्याने 'प्रिझमॅटिक', म्हणजे अर्ध्या पारंपरिक आणि अर्ध्या आधुनिक, समाजाची कल्पना मांडली, अशा समाजाच्या तीन खुणा, त्यांतली एक फॉर्मलिझम, म्हणजे लिहिलेला नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांच्यातलं अंतर. मी त्याला म्हटलं, थांब, आणि निराधार योजनेच्या अटींचा कागद त्याच्यापुढे ठेवला. ५७ रुपयांचा हिशेब सांगितला. तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, हे उदाहरण मी पेपरात लिहू का?" म्हटलं, लिही की, पण नुसतं उदाहरण म्हणून लिहू नकोस, हे अंतर कोणाच्या सोयीचं आहे तेही लिही.

त्या दिवशी प्रिंटच्या आणखी एका प्रतीचा खर्च मी माझ्या नावावर टाकला. रात्री ती पानं वाचून काढली. आपण रोज जे बघतो त्याचा कोणीतरी वर्षानुवर्षं अभ्यास केलेला आहे, त्याला नाव दिलेलं आहे, त्यावर वाद झालेले आहेत, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आणि रिग्जचं सगळंच पटलं असंही नाही. नियम आणि व्यवहारातलं अंतर फक्त गरीब देशांत असतं, असा जो सूर त्यात लागतो तो मला खटकला. खटकलेलं मांडायला जागा हवी, वाद घालायला जाणकार माणूस हवा, म्हणूनही पदवी हवी वाटली.

विषय परका वाटत असेल तर पुण्याचाच इतिहास बघा. लोकप्रशासनाच्या पुस्तकांमध्ये विषयाची सुरुवात वुड्रो विल्सनच्या (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला) १८८७ च्या लेखापासून करतात. त्याच्या काही वर्षं आधी, १८७६ ते १८८२ या काळात, जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पालिकेने हजार रुपये खर्च करायचे ठरवले तेव्हा त्यांनी विरोध केला, तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. सार्वजनिक पैसा कशावर आणि कोणाच्या मताने खर्च व्हावा, हाच तर या विषयाचा गाभा. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमाराला नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवायला सुरुवात केली, माहिती अधिकाराचा देशातला पहिला अर्ज २००५ मध्ये पुण्यातल्याच पोलीस ठाण्यात दिला गेला. बाणेर रस्त्यावरच्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत राज्यभरातले अधिकारी प्रशिक्षणाला येतात. या शहरात राहून हा विषय शिकायचा तर अभ्यासाचं साहित्य अवतीभवती पडलेलं आहे.

अर्ज कुठे करायचा याचा शोध सुरू झाला तेव्हा पहिलं नाव अर्थातच आपल्या पुणे विद्यापीठाचं. गणेशखिंडीतल्या राज्यशास्त्र विभागाच्या नावातच बरीच वर्षं 'लोकप्रशासन' होतं, आणि तिथे शिकलेले लोक विषयावर किती नेमकं बोलतात ते मी ऐकलेलं आहे. ज्याला दोन वर्षं पूर्णवेळ देता येतील त्याने आधी तिथली प्रवेश परीक्षा द्यावी, असं मी मुलांना सांगते. वर्गात बसून वाद घालण्याला पर्याय नाही. माझं केंद्र सकाळी दहाला उघडतं, घरात सासूबाईंची औषधं, मुलीची शाळा. धायरीहून रोज गणेशखिंडीला जाऊन पूर्णवेळ वर्ग करणं मला शक्य नव्हतं.

शहरातल्या एका खासगी संस्थेतही मी अर्ज केला. तिथे पाचशे शब्दांचं निवेदन लागत होतं, दोन शिफारसपत्रं आणि मग मुलाखत. फी बघूनच मला अंदाज आला होता की हे पेलणार नाही. तरी अर्ज पुरा केला, आणि केला ते बरं झालं, कारण त्या निवेदनानेच मला माझा प्रश्न नीट शब्दांत बसवायला लावला.

निवेदनाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मुलं ती टाइप करायला माझ्याकडे आणतात आणि बहुतेकांची सुरुवात सारखीच असते: 'लहानपणापासून मला प्रशासकीय सेवेची आवड आहे' किंवा 'समाजासाठी काहीतरी करण्याची इच्छा आहे'. इच्छा खरी असते, त्यात शंका नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून तुम्ही दिसत नाही. गावात रेशन दुकानावर अंगठा उमटत नाही म्हणून आजी परत येते, ते लिहा. वडील पीकविम्याची रक्कम कशी अडकली ते सांगतात, ते लिहा. एक प्रसंग, त्यातून पडलेला एक प्रश्न, आणि तो सोडवायला या अभ्यासक्रमातला कोणता भाग लागेल, एवढं पाचशे शब्दांत पुरेसं आहे. मोठ्या माणसांची वचनं टाकू नका, जागा वाया जाते.

माझ्या निवेदनाचा पहिला भाग २१,००० च्या मर्यादेचा होता. दुसरा आमच्या पट्ट्यातल्या गावांचा. धायरी महापालिकेत २०१७ साली आली. नऱ्हे, नांदेड, खडकवासला, किरकटवाडी, नांदोशी ही गावं २०२१ च्या जूनअखेर, एकूण २३ गावांच्या आदेशात. ग्रामपंचायत गेली, म्हणजे सरपंच गेला आणि ग्रामसभाही गेली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुका लांबतच गेल्या. त्यामुळे या २३ गावांतल्या माणसांना कितीतरी काळ ना सरपंच होता, ना स्वतः निवडून दिलेला नगरसेवक. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिलेले आहेत, तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं घटनेतच लिहिलंय. हे सगळं असताना घरपट्टीचं बिल घेऊन आलेला शेतकरी मला विचारतो, "ताई, आता तक्रार कोणाकडे करायची? आधी सरपंचाच्या दारात जाऊन बसता यायचं." मी त्याला ऑनलाइन तक्रार नोंदवून टोकन नंबर देते. तो त्या नंबराकडे बघतो. सरपंचाच्या ओट्याची जागा नंबर घेऊ शकतो का, हे मी निवेदनात विचारलं.

शिफारसपत्रं हा वेगळाच विषय आहे. कॉलेज सोडून बारा-चौदा वर्षं झालेल्या माणसाला कोण पत्र देणार? बीकॉमला वर्गात शे-सव्वाशे मुलं, सरांना नाव आठवणं शक्य नाही. मुद्दाम ओळख काढून गुळमुळीत पत्र घेण्यात मला अर्थ वाटला नाही. मी आमच्या भागात राहणाऱ्या एका निवृत्त नायब तहसीलदार साहेबांकडे गेले. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा ते निवृत्त असूनही रोज येऊन लोकांचे कागद लावून देत होते. मी तिथे लॅपटॉप घेऊन बसत असे. पंचनाम्याला राहत्या घराचा पुरावा हवा आणि पुरावाच पाण्यात भिजलेला. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटलेली. डिजिलॉकरमध्ये काय सापडतं, शाळेकडून कशाची दुसरी प्रत मिळेल, कोणता कागद कोणत्या कागदाच्या जागी चालेल, याची यादी आम्ही दोघांनी एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावली होती.

साहेबांनी पत्र फुलस्केपवर, शाईच्या पेनाने, मराठीत लिहून दिलं. त्यात माझ्याबद्दल 'कष्टाळू', 'प्रामाणिक' वगैरे काही नव्हतं. ती पुठ्ठ्यावरची यादी कशी तयार झाली, एवढंच होतं. शेवटी एक ओळ: 'नियम अडतो तिथे पर्यायी कागद शोधण्याची यांची रीत अनेक कर्मचाऱ्यांनी शिकावी अशी आहे.' मला आजवर मिळालेल्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा ती ओळ मोठी वाटते. संस्थेला पत्र इंग्रजीत, ऑनलाइन फॉर्मवर आणि कार्यालयीन ईमेलवरून हवं होतं. निवृत्त माणसाकडे कार्यालयीन ईमेल कुठून येणार? फोन करून विचारलं तर सरळ म्हणाले, स्कॅन करून पाठवा, सोबत थोडक्यात इंग्रजीत मजकूर द्या. तेव्हा फॉर्ममध्ये रकाना नाही म्हणून थांबू नका, फोन करा. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ अडचणी फोनवर सुटतात.

मुलाखतीत एका मॅडमनी विचारलं, "तुमचं काम तर व्यवस्थित चाललंय. पदवीने काय बदलणार?" मी म्हटलं, काउंटरवर मी एकेका माणसाचं काम करते. शंभर माणसांचं दुखणं एकच आहे हे मला दिसतं, पण ते मांडायचं कसं हे मला येत नाही. आकडे कसे गोळा करायचे, नियमाचा उगम कुठे शोधायचा, बदल सुचवायचा तर कोणाच्या अधिकारात येतो, हे शिकायचंय. हे बोलताना मलाच लख्ख कळलं की मला अधिकारी व्हायचं नाहीये. मला इथेच, काउंटरवर राहून, हे नीट समजून घ्यायचंय. निवड झाली, पण फीचा आकडा तोच होता आणि वर्गही दिवसाचे. मी नकार कळवला.

मग राहिली दोन मुक्त विद्यापीठं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ चं, तिथे लोकप्रशासनाचं एमए मराठीतून करता येतं. आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ चं, तिथे हाच अभ्यासक्रम इंग्रजी किंवा हिंदीतून. दोन्हींकडे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, माझं बीकॉम आड आलं नाही.

यात मी पुष्कळ विचार केला. आपला सगळा कारभार मराठीत, अर्ज मराठीत, माणसं मराठीत बोलणार. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीतून लिहायची असतील तर नाशिकचं विद्यापीठ घ्या, लिहायचा सराव आणि अभ्यास एकाच भाषेत होतो, असं मी एमपीएससीच्या मुलांना ठामपणे सांगते. मी इग्नू निवडलं, त्याचं कारण माझा प्रश्न. इग्नूच्या अभ्यासक्रमात विकेंद्रीकरण आणि स्थानिक शासन, ई-गव्हर्नन्स, सार्वजनिक धोरण, आपत्ती व्यवस्थापन असे स्वतंत्र पेपर आहेत. मी रोज ज्या चार गोष्टींना भिडते त्याच या. शिवाय त्यांची सगळी पुस्तकं ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. अर्जाचे पैसे भरण्याआधी मी ई-गव्हर्नन्सचे आणि प्रशासकीय सिद्धांतांचे काही पाठ फोनवर वाचून बघितले. नोकरशाहीचा सिद्धांत मांडणाऱ्या जर्मन अभ्यासक मॅक्स वेबरचा पाठ दोनदा वाचला. फाइल, हुद्दे, लेखी नियम, माणूस बघून निर्णय न करता नियम बघून करणं, यामागे कोणाचाही वशिला न चालण्याची कल्पना होती, हे वाचून मी सरकारी टेबलाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तुम्हीही पैसे भरण्याआधी दोन-तीन पाठ वाचा. रस वाटला नाही तर दोन वर्षं वाचतील.

आता कागदपत्रं. इथे मी मुलींसाठी आणि सुनांसाठी विशेष लिहिते.

दूरशिक्षणाच्या कुठल्याही प्रवेशाला आता डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो, २०२४ पासून. तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, लागतो, तो डिजिलॉकरमधून आधारवर निघतो. म्हणजे नाव आधारवरचं येतं. माझ्या आधारवर लग्नानंतरचं नाव, पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं, आणि तेही आडनाव आधी लिहिलेलं. त्यात प्रमाणपत्र 'पुणे विद्यापीठ' या नावाचं, कारण सावित्रीबाई फुल्यांचं नाव विद्यापीठाला २०१४ मध्ये मिळालं. विद्यापीठाच्या नावाने काही अडत नाही, यादीतून आजचं नाव निवडायचं. बाईच्या नावाने मात्र अडतं. मी गॅझेट आधीच केलेलं होतं, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र होतं, दोन्ही जोडले. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी प्रवेश सुरू होण्याची वाट न बघता आत्ताच करून घ्यावं. पदवीचं प्रमाणपत्रही तपासा. कितीतरी जणींकडे फक्त शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका असते, पदवीदानाचा फॉर्म भरायचा राहून गेलेला असतो.

माझ्या नवऱ्याने असाच फॉर्म भरला असता तर अर्ध्या तासात झाला असता, कारण जन्मापासून त्याचं नाव एकच आहे. पॅमेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन या अभ्यासकांनी सरकारी कामात नागरिकावर पडणाऱ्या ओझ्याचे तीन भाग सांगितले आहेत: काय करायचं ते शोधून काढण्याचं, मागितलेलं सगळं पुरवण्याचं, आणि या सगळ्यात होणाऱ्या मनस्तापाचं. नियम सगळ्यांना सारखा असतो, ओझं सारखं नसतं. दोन नावांच्या बाईला, भाड्याने राहणाऱ्याला, बोटांचे ठसे झिजलेल्या कामगाराला ते जास्त पडतं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या बाकावर बसून गेलेल्या कितीतरी बाया आठवल्या. 'आमचंच काहीतरी चुकलं असणार' म्हणून मान खाली घालून बसायच्या.

बाकी फॉर्म साधा आहे. फोटो आणि सही प्रत्येकी १०० केबीच्या आत, प्रमाणपत्रं २०० केबीच्या आत. मोबाइलने काढलेला फोटो सरळ चढवू नका, आधी लहान करा, पण अक्षरं वाचता येतील एवढाच. अभ्यास केंद्र घराजवळचं निवडा. गृहपाठाला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार आहे. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात, ही सवलत संसार-नोकरी सांभाळणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे. आमच्या घरी सासूबाईंनी हेच विचारून घेतलं. "चार वर्षं चालतात ना? मग कर. घाई करू नकोस."

प्रवेश पक्का झाल्यापासून मी एक वही घातली आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, न दिल्यास दोन अपिलं कार्यालयात, तिसरं आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्यापासून. माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून खेपा घालत असतो: एकदा कागद विचारायला, एकदा स्वयंघोषणेचा नमुना न्यायला, एकदा सर्व्हर बंद म्हणून, एकदा वीजबिल मालकाच्या नावावर म्हणून. अर्ज त्रुटीसाठी परत आला की पुन्हा वेगळं. वहीत मी नाव लिहीत नाही. फक्त काम कोणतं, माणूस पहिल्यांदा विचारायला कधी आला, अर्ज दाखल कधी झाला आणि दाखला हातात कधी पडला, एवढंच लिहिते. सरकारच्या नोंदीतली मुदत आणि माणसाने घालवलेले दिवस शेजारी शेजारी ठेवून बघायचे आहेत. पुढे प्रकल्पाचा विषय हाच घ्यायचा विचार आहे. दुसऱ्या सेवा केंद्रांवरही कोणी अशी नोंद ठेवायला तयार असेल तर मला हवंच आहे, एका केंद्राच्या वहीवरून फार काही सिद्ध होत नाही.

परभणीच्या त्या मुलाने नाशिकच्या विद्यापीठात अर्ज करायचं ठरवलंय. त्याचा प्रश्न पीकविम्याचा आहे: नुकसानीची सूचना द्यायची मुदत संपायची तेव्हा शेतकरी चिखलात असायचा आणि शेतात रेंज नसायची. परवा येऊन त्याने निवेदनासारखं एक पान लिहून दाखवलं, तिथे निवेदन मागत नसले तरी. पान चांगलं उतरलंय. वडिलांकडे विम्याची पावती असेल तर तिचा फोटो मागवून घे, तारखा नीट लिही, एवढीच दुरुस्ती मी सुचवली.

पुढच्या प्रवेशाला कोणी अर्ज करणार असेल तर एबीसी आणि डीईबी आयडी आत्ताच काढून ठेवा. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळं चालत नाहीत. मुदत बऱ्याचदा वाढते, पण त्या भरवशावर राहू नका. नावाचा घोळ असेल तर गॅझेटला लागणारा वेळ धरून चाला. आणि आपला प्रश्न कोणापुढे तरी मांडून बघायचा असेल तर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान केंद्रात या, तेव्हा गर्दी कमी असते. त्याचे पैसे मी घेत नाही.